टाकीचा पिवळा दिवा

ता. ९, रविवार, दुपार

व्याहीबुवांना विहिणीचा नमस्कार.

तुम्ही बरे असाल. आम्ही सगळे मजेत आहोत. पत्र लिहायला तसं कारण काही नाही. जेवणं झाली, भांडी झाली, हात मोकळे होते, म्हटलं चार ओळी खरडाव्यात. तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही आणि मला फोनवर बोलता येत नाही, त्यापेक्षा कागद बरा. माझी शाळा चौथीपर्यंतची, अक्षर कोंबडीनं पाय उमटवल्यासारखं आहे, तेवढं चालवून घ्या.

इकडे मांजरीनं तुमच्या जावयाच्या नव्या बुटांच्या खोक्यात तीन पिल्लं घातली. तो दोन दिवस जुने बूट घालून कामावर जातोय आणि मांजरीशी बोलत नाही. तुमची लेक ठीक आहे. जरा गप्प असते, पण ठीक आहे.

आणि आपली टिटवी! अहो, बोटीवरून येऊन आठ दिवस झाले तरी माझ्या डोळ्यांसमोरून पोर हलत नाही. जन्मली तेव्हा जी काय ओरडली होती, म्हणून मीच तिला टिटवी म्हटलं. तुम्ही म्हणाला होतात, गाणारी होईल. झाली बोटवाली! ती मोडकी बोट तिनं कवडीमोलात घेतली तेव्हा आपण सगळे हसलो होतो. दोन वर्षं तिनं ती खरवडली, रंगवली, इंजिन उघडून तेलात बरबटली. आणि परवा ती चाक धरून उभी, केस वाऱ्यावर, आणि मी पुढं खुर्ची टाकून बसलेली. मी जन्मभर शाळेच्या फरशा पुसल्या, व्याहीबुवा, आणि माझी नात मला तळ्यात फिरवतेय. मी तर येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक बोटीला हात करत होते, ओळख ना पाळख!

तो संडास मात्र काय हो! संडास म्हणावा की कपाट. बसलं की गुडघे दाराला, उठलं की डोकं छताला. पण मी तो कसा ठेवला होता! माझ्यानंतर कुणीही आत जावं, आरशासारखा लख्ख. टिटवीसुद्धा म्हणाली, आजी, तुझ्यासारखं कुणी ठेवत नाही.

आता राहिलं ते संडासाची टाकी भरल्याचं. सफर अर्धवट सोडावी लागली, पांढऱ्या पक्ष्यांचं बेट राहिलं, हे खरं. पण तुम्ही मनाला लावून घेऊ नका. वय झालं की माणसाला सारखं जावं लागतं, त्यात लाजण्यासारखं काय? इथे तुम्हाला कुणी नावं ठेवत नाही. दोन रविवार तुम्ही जेवायला आला नाहीत, तुमची खुर्ची रिकामी दिसते. येत जा.

पिल्लांचे डोळे अजून उघडले नाहीत.

आपली,
विहीण


ता. २०, गुरुवार, सकाळ

व्याहीबुवांना नमस्कार.

तुमचं पत्र काल आलं. घड्याळं दुरुस्त करणाऱ्याचं अक्षर ते, एकेक काना जिथल्या तिथं. मी ते तीनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचताना खाली बसले.

तुम्ही माझी माफी मागितलीत. लिहिलंत की पोरीच्या पहिल्या सफरीचा माझ्यामुळे विचका झाला, तुम्ही मोठ्या मनानं समजून घेतलंत. आणि खाली लिहिलंत की सोमवारी लघवीच्या त्रासाचं ऑपरेशन करून घेतोय, डॉक्टर म्हणतात हृदय अशक्त आहे, गोळ्यांवर भागेल, पण मीच हट्ट धरला, म्हणजे पुन्हा कुणाला माझा त्रास नको. मुलीला सांगू नका, असंही.

मोठं मन! माझं!

आता मी सांगते ते सरळ ऐका. मध्ये कुठे मांजर-बिंजर आलं तर ती माझी सवय आहे, पण आज मी तिला विषय पळवू देणार नाही.

टाकी मी भरली.

तुम्हाला आठवतं, पहिल्या दिवशी निघताना टिटवीनं सगळ्यांना त्या कपाटापाशी उभं करून सांगितलं होतं, की पायाचा खटका दोनदाच दाबायचा, जास्त नाही. साठ लिटरची टाकी आहे, पाच माणसांना चार दिवस पुरवायचीय. मी मान डोलावली. माझ्या डोक्यात आलं, पोरीला पाण्याची काळजी आहे. मग आत गेले आणि बघते तर खटका दाबला की पाणी येतंय ते तळ्यातलं! बाहेर केवढं तळं, दुसरा काठ दिसत नाही, आणि ही पोर दोन घोटांवर भागवायला सांगते? मी म्हटलं, असू दे, लहान आहे. आणि खटक्यावर पाय ठेवून चाळीसपर्यंत मोजलं. दर वेळी. शाळेतसुद्धा मी प्रत्येक संडासात बादली ओतल्याशिवाय पुढं जात नव्हते. दोन घोट पाणी टाकून बाहेर येणारी माणसं मला घाण वाटायची, व्याहीबुवा. तुमचं ऐकू यायचं. खट, खट. दोनदाच, अगदी नेमानं. मी मनात म्हणायची, बघा, एवढा व्यवस्थित माणूस, पण पाणी ओतायचा कंटाळा! माझा आवाज एकदाच यायचा, कारण पाय मी उचलतच नव्हते. पुढची घरघर इंजिनात बुडून जायची. आणि तेवढ्यावर टिटवी म्हणाली, तुझ्यासारखं कुणी ठेवत नाही.

इथपर्यंत अडाणीपणा झाला. त्याची मला लाज नाही, जगात अडाणी माणसं असतातच.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो पिवळा दिवा लागला. टिटवी म्हणाली, असं कसं, आत्ता तर हिरवा असायला हवा. मग तिनं पुन्हा समजावलं, की आत येणारं सगळं पाणी टाकीतच जातं, बाहेर सोडायचं नसतं, लोक या तळ्यात पोहतात. आपल्याला पाणी नाही, जागा वाचवायचीय. ते तिनं म्हटलं. तेव्हा मला सगळं समजलं. तेव्हाच, व्याहीबुवा. नंतर नाही.

तोंड उघडणारच होते. पण तेवढ्यात सगळ्यांनी तुमच्याकडे बघितलं. तुमचा जावई म्हणाला, "सासरेबुवांना आता वेगळी बोट काढावी लागणार!" तुमची लेक म्हणाली, "बाबा, किती वेळा जाता हो? थोडं दमानं घ्या की!" तुम्ही चष्मा काढून पुसायला लागलात. आणि हशा पिकला. त्यात सगळ्यांत मोठ्यानं मी हसले.

मिठाची गुळणी धरली असती तरी चाललं असतं. मी हसले.

मला वाटलं, आता कळलंय, आता दोनदाच दाबू, निभावून जाईल. पण जागा तर आधीच गेली होती. संध्याकाळी तुम्ही चहा नको म्हणालात. जेवताना पाण्याचा पेला उपडा घातलात. मी बघितलं. तुमच्या शेजारीच बसले होते ना. सकाळी लाल दिवा. धक्क्यावरचा टाकी उपसणारा माणूस म्हणाला, यंत्र बिघडलंय, तीन दिवस लागतील. टिटवीनं कपाटाच्या दाराला दोरी बांधली आणि बोट वळवली. मागे बेट लहान होत गेलं. तुम्ही म्हणालात, मला इथेच उतरवा, जवळ एकाकडे काम आहे. काम कसलं! पिशवी घेऊन बसच्या थांब्याकडे चालला होतात, ओठ कोरडे पडलेले. मी तुम्हाला हात केला. जसा सगळ्या बोटींना करत होते, तसाच.

आणि वर ते पत्र लिहिलं. चोर सोडून संन्याशाला फाशी ऐकलं होतं, पण चोरानंच संन्याशाला धीर द्यावा, हे मी करून दाखवलं. खरं सांगते, लिहिताना मला बरं वाटत होतं. वाटत होतं, किती चांगली मी.

काल तुमचं पत्र आल्यावर मी जेवणाच्या ताटावर सगळं सांगितलं. तुम्ही मुलीला सांगू नका म्हणाला होतात, ते मी मोडलं, ऑपरेशनचंही सांगितलं. हा एक गुन्हा मी खुशीनं करतेय. टिटवी आधी हसली. "चाळीस? आजी, मोजून चाळीस?" मग हसता हसता थांबली आणि म्हणाली, "आजोबा उतरून गेले तेव्हा मी त्यांना वळूनही बघितलं नाही गं." आणि रडायला लागली. तुमच्या जावयानं घास खाली ठेवला. तुमची लेक उठून स्वयंपाकघरात गेली, नळ सोडला आणि तशीच उभी राहिली. मग मला म्हणाली, "आई, तुम्ही बोलला नाहीत ते एक. पण मी माझ्या बापाला चारचौघांत बोलले." माझी एक चूक आणि तिच्या वाट्याला ही टोचणी आली. ती शनिवारी येतेय तुमच्याकडे. तिला दारात उभं करू नका.

आता सोमवारचं. डॉक्टर म्हणत असतील की करायलाच हवं, तर करा, मी अडाणी बाई काय सांगणार. पण ते म्हणतात गोळ्यांवर भागेल, आणि तुम्ही कापून घ्यायला निघालात ते त्या टाकीपायी. त्या टाकीत तुमचं काही नव्हतं हो. तुमच्या दहा वेळा मिळून माझी एक वेळ व्हायची नाही, टिटवीनं बाटलीनं मोजून दाखवलं मला. अशक्त हृदय घेऊन माझ्या पायाच्या खटक्यासाठी टेबलावर झोपू नका. काही कमी-जास्त झालं तर मी या घरात तोंड कसं दाखवू, हे मी लिहिणार होते. पण बघा, त्यातसुद्धा माझंच तोंड पहिलं आलं. तुम्हीच राहायला हवे आहात, एवढंच.

पोस्टाचा भरवसा नाही, म्हणून टिटवी स्वतः हे पत्र घेऊन सकाळच्या बसनं निघतेय. पाकीट मी चिकटवलं नाही, तिनं वाटेत वाचावं. आधी डॉक्टरकडे तुमच्याबरोबर जाणार, मगच परत येणार, असं बजावून निघालीय. तिच्याशी वाद घालू नका. ती चाक धरलं की सोडत नाही.

माफी मात्र मी मागत नाही. मागितली तर तुम्ही लगेच देऊन टाकाल, आणि वर मलाच चहा विचाराल. तुम्ही तसेच आहात. तेव्हा राहू दे. थोडे दिवस रागवा माझ्यावर. चारचौघांत रागवा, सगळे जेवायला बसलेले असताना रागवा. मी समोर बसून ऐकेन, आणि हसणार नाही.

जिनं टाकी भरली, ती
तुमची विहीण