सदर्न बीचला ताक

अल मुंतझा, दोहा, शुक्रवार संध्याकाळ, ऑगस्ट

फुटला! सदर्न बीचला कोंब फुटला! दोन महिने या झाडाची कुंडीत नुसती काडी होती.

ऑफिसातला मातेओ कायमचा चिलीला परतला, तेव्हा थंड डोंगरातलं हे रोप माझ्या हवाली करून गेला. दोहाच्या उन्हाळ्यात ते जगणार कसं? पण मी हट्टाला पेटलो. बेडरूमचा एसी अठरावर आणि नळाचं क्षारांचं नको म्हणून पाणी फक्त एसीचंच, थेंब थेंब बादलीत धरलेलं. तरी पानं गळलीच.

आज कोंब बघून मी ओरडलो, तशी रिया धावत आली. "बाबा, इट्स अलाइव्ह!" मी तिला माझ्या बादलीचं महत्त्व सांगायला लागलो. तेवढ्यात माझी आई शांतपणे म्हणाली, "मी दर शुक्रवारी ताक घालतेय त्याला."

ताक? झाडाला?

"नाशिकला कढीपत्त्याला नाही का घालत? तोही असाच रुसतो."

आधी भडकलोच. एवढं वाचलं, एवढी बादली सांभाळली आणि हिने सरळ ताक ओतलं! मग आठवलं, याला आंबट माती आवडते हे मीच वाचलं होतं. मग ताकाने फुटला का? की बादलीने? जाऊ दे, फुटला ना!

नाशिकहून आल्यापासून आईचं एकच पालुपद होतं, 'इथे मला काही कामच नाही, मला घरी पाठव.' मंगळवारचं तिकीट काढलंय.

आत्ता जेवताना म्हणाली, "तिकीट पुढे ढकल रे. पान उघडल्याशिवाय मी जायची नाही."