दोन्ही लेकरं

बाबा, मागच्या आठवड्यात वाशिमच्या कोर्टात माझा घटस्फोट झाला. दोन्ही लेकरं माझ्याजवळ आहेत, शिरपूरला, आपल्याच घरी. तुम्ही गेलात तेव्हा धाकटा रांगत होता, आता तो तिसरीत आहे आणि तुमच्या खुर्चीवर पाय वर घेऊन बसतो. तुम्ही असता तर हे ऐकून आधी खाकरला असता, मग चष्मा पुसला असता, मग स्वयंपाकघराकडे तोंड करून आईला हाक मारली असती. मला थेट काही बोलला नसता. आपल्या भागातलं नवरा-बायकोचं भांडण तुम्ही कोर्टापर्यंत जाऊ दिलं नाही, याचा तुम्हाला केवढा अभिमान होता! केनवडपासून मालेगावपर्यंतचे लोक मोटरसायकली घेऊन आपल्या अंगणात यायचे, सतरंजी पडायची, बैठक बसायची आणि संध्याकाळच्या आत सगळं मिटवून तुम्ही पान लावायला घ्यायचे. आणि तुमचीच पोरगी वकिलाचा जिना चढली. चढली ती चढली, वर जिंकूनही आली.

तुमच्या बैठकीतली एक दुपार मला अजून दिसते. मी तेव्हा शाळेत होते, चहाचा ट्रे धरण्याइतकी मोठी. अंगणात सगळे पुरुष आणि जिचा संसार मोडत होता ती बाई आपल्या स्वयंपाकघरात, दाराच्या आड. तिच्या वतीने तिचा भाऊ बोलत होता. तिचं पोरगं आणि पोरगी चुलीजवळ एका ताटलीत पोहे खात बसली आहेत. बाहेरून तुमचा आवाज येतो, "पोरगं बापाकडं राहीन, पोरगी मायसंगं जाईन. बोला, मंजूर हाय का?" सगळे हो म्हणतात. पोराला खाता खाता उठवून नेतात, मोटरसायकल सुरू होते. ती पोरगी मात्र अर्ध्या पोह्यांवर वाटी झाकून बसते. माझ्या आईनं खा म्हटलं तर म्हणते, "त्याचे हायेत. त्याले येऊ द्या." पोरगी निघून गेल्यावर आईनं ते पोहे गाईला घातले. रात्री जेवताना तुम्ही म्हणालात की आज दोन घरं मोकळी झाली. मला तेव्हा तुमचं कौतुकच वाटलं होतं, खोटं कशाला बोलू. आमचे बाबा म्हणजे काय, असं मी वर्गात सांगायचे.

धाकट्याच्या बाळंतपणाला मी माहेरी आले तेव्हा तुमच्याशी बोलायचं ठरवूनच आले होते. सव्वा महिना झाला आणि केनवडला परत जायचा दिवस ठरला, तेव्हा मी धीर करून तुमच्यासमोर उभी राहिले. म्हटलं, बाबा, ते माझ्याशी बोलत नाहीत. तुम्ही वर पाहिलंत. "मारते काय तुले?" नाही. "पेते?" नाही. "मंग काय झालं? कमी बोलते म्हनून कोनी घर सोडते काय?" मी म्हटलं, कमी नाही बाबा, बोलतच नाहीत. काही सांगायचं असलं की सासूबाईंना सांगतात, मी समोर उभी असते तरी. "राह्यते एकेकाचा सोभाव," तुम्ही म्हणालात, आणि दुसऱ्या दिवशी तुरीच्या डाळीचं पोतं घेऊन मला सोडायला स्वतः केनवडला आलात. जावयाशी पावसापाण्याच्या गप्पा मारल्यात. तुमच्याशी तो छान बोलला. डाळ वर्षभर पुरली. ती शिजवताना मला तुमचा इतका राग यायचा की काय सांगू, आणि तरी कुणी विचारलं की डाळ बाबांनी दिली असं मी मिरवून सांगायचे.

तुमच्यानंतरही तसंच चाललं. सासूबाई थकल्या तसा तो पोरांच्या तोंडून बोलायला लागला. "सांग तुह्या मायले, भाजीत मीठ कमी हाय." धाकटा वळून मला सांगायचा, भाजीत मीठ कमी आहे, आणि माझं उत्तर घेऊन पुन्हा वळायचा. एका हाताच्या अंतरावर तीन माणसं जेवत होतो आम्ही. एक दिवस त्या पोरानं माझ्याकडे पाणी मागायचं म्हणून त्याच्या ताईला सांगितलं, "मायले सांग, पानी दे." त्या दिवशी मी केनवड सोडायचं ठरवलं. उन्हाळ्याच्या सुटीत मी शिरपूरला यायला निघाले तेव्हा पोरीची पिशवी भरू दिली, पण पोराला सासऱ्यांनी आत नेलं. "पोरगं आमचं हाय." मी पोरीला घेऊन एसटीत बसले आणि मालेगाव येईपर्यंत रडले.

दादानं वकील पाहिला तो मालेगावचा, वहिनीच्या नात्यातला. घरचाच माणूस, जास्त सांगावं लागणार नाही, असं दादाचं म्हणणं. त्या वकिलांनी सगळं दादालाच विचारलं. मी बाजूला पर्स मांडीवर घेऊन बसले होते. मग ते म्हणाले, मारहाण केली असं लिहू, त्याशिवाय केसमध्ये दम येत नाही. आम्ही घरी पोहोचायच्या आत नवऱ्याच्या काकाचा दादाला फोन, की वकील लावला म्हणे तुम्ही! घरचा माणूस तिकडच्याही घरचा निघाला. त्यांच्या मनात वाईट नसेल, त्यांना तुमच्यासारखं घरच्या घरी मिटवायचं असेल. पण माझं डोकं फिरलं. मी दादाला म्हटलं, आता वकील मी पाहणार.

मी शिकवते त्या शाळेतून रजा काढून मी वाशिमच्या कोर्टात जाऊन नुसती बाकावर बसले. तुम्ही बैल घेताना आधी त्याला चालवून पाहायचे ना, तसंच. कोण कसं चालतं ते पाहत होते. एक वकील बाई व्हरांड्यात आपल्याच पक्षकारिणीला रागावत होत्या, "शेजारनीनं शिकोलेलं सांगू नको. तुह्यासंगं काय झालं ते सांग." मी तिथून उठून त्यांच्या मागे गेले.

त्यांच्या ऑफिसात दादानं सवयीप्रमाणे सुरुवात केली. त्यांनी थोडं ऐकलं आणि म्हणाल्या, "दादा, तुम्ही खाली जाऊन चहा घ्या." दादा म्हणाला, मी चहा घेत नाही. "मंग रस घ्या." दादा गेला. मग त्यांनी पेन उचललं आणि माझ्याकडे पाहिलं. मारतो का, पितो का, काही विचारलं नाही. बोला, एवढंच म्हणाल्या. मला बोलताच येईना बाबा. शाळेत चाळीस पोरांसमोर बोलणारी मी! शेवटी मी मिठाचं सांगितलं, पोरानं बहिणीकरवी पाणी मागितलं ते सांगितलं. त्यांनी ते सगळं लिहून घेतलं, मारहाणीसारखंच नीट. मग विचारलं, तुम्हाला काय पाहिजे? मी म्हटलं, दोन्ही लेकरं. हे मी तोवर आईलाही बोलले नव्हते, कारण पोरगं मागायचं असतं हेच आपल्या घरात कुणाला ठाऊक नव्हतं. त्या म्हणाल्या, अवघड आहे पण मागू. पोरगा बापाच्या घरी रुळला आहे असं ते म्हणतील, न्यायाधीश पोरालाही विचारतील. आणि एक अट, माझ्या केसमध्ये खोटं चालणार नाही. मारलं नसेल तर मारलं म्हणायचं नाही. मी वकीलपत्रावर सही केली.

कोर्टानं आधी मध्यस्थीला पाठवलं. एका खोलीत लांब टेबल, त्या बाजूला तो, सासरे आणि काका, या बाजूला मी, दादा आणि वकील बाई. सासऱ्यांनी मध्यस्थ साहेबांना हात जोडले आणि मला म्हणाले, "तुहा बाप असता तं एका बैठकीत मिटलं असतं. पोरगं बापाचं, पोरगी मायची, हा रिवाज त्याइनंच लावला. मी सोता बसेल हाय त्या सतरंजीवर. पोरगं सोड, आज सही करतो." दादानं मान खाली घातली, म्हणजे त्याला पटलं होतं. वकील बाई काही बोलणार तेवढ्यात मीच बोलले. म्हटलं, "मामंजी, बाबा जायच्या आधी मले म्हनले होते, माह्या हातून लेकरायची ताटातूट झाली, ते चुकलं. तुह्यावर पाळी आली तं दोन्ही लेकरं सोडू नको."

सासऱ्यांनी टोपी काढून टेबलावर ठेवली. "असं म्हनले ते?" मी हो म्हटलं. टोपीची घडी सारखी करून ते माझ्या नवऱ्याला म्हणाले, "मंग जाऊ दे. त्या मानसाचा शबूद मी नाही मोडत." नवऱ्यानं मान हलवली. सुट्यांमध्ये लेकरं केनवडला जायची, असं ठरलं. न्यायाधीशांनी धाकट्याला विचारलं तेव्हा तो म्हणाला, ताई जिथं तिथं. पुढं सह्या झाल्या.

तुम्ही असं कधीच म्हणाला नव्हता. दवाखान्यात शेवटच्या दिवशी मी तुमच्या उशाशी होते आणि तुम्ही दादाला तुरीच्या फवारणीचं विचारत होतात. माझं नाव घेतलं नाहीत. वकील बाईंना हे मी सांगितलेलं नाही, सांगू शकत नाही, आणि तुमच्या नावावर खोटं बोलल्याचा मला पस्तावाही नाही. पण ते गावभर झालं आहे. परवा एक माणूस बहिणीसाठी दादाकडे सल्ल्याला आला आणि अंगणात उभा राहून म्हणाला, तुमच्या बाबानंच म्हटलं होतं ना, लेकरायची ताटातूट करू नका म्हनून? दादानं माझ्याकडे पाहिलं. मी हो म्हटलं. इतक्यांदा सांगून झालंय आता की कधी कधी मला दवाखान्यातली ती खाट दिसते आणि तुम्ही खरंच माझ्याकडे वळून ते बोलताना दिसता. तेवढा वेळ मला तुमचा राग येत नाही, बाबा. तेवढा वेळ नुसती तुमची आठवण येते.