पत्रेवाली

धामणकर नाका, भिवंडी
२२ जून २०२०

ती. चंद्राबायस,
धाकट्या अनंताचा शि. सा. न. वि. वि.

पत्र लिहिण्यास कारण की, फोनवर मी इकडून बोंबलायचं, तू तिकडून ‘काय? काय?’ म्हणायचं, आणि तेवढ्यात अख्ख्या वळ गावाला माझ्या घरची खबर लागायची. त्यापेक्षा हे बरं. यंत्रावर सुताच्या कांड्या भरता भरता तुझे कान गेले आणि त्याच कांड्यांच्या जिवावर मी पॉवरलूमच्या शेडचा मालक झालो. तेव्हा या वयात मला शुद्धलेखन करायला लावायचा तुझा हक्कच आहे. महादू दूधवाल्याला पास मिळालाय. दुधाबरोबर पत्रही जाईल, फक्त पाणी कशात घालायचं ते त्यानं ठरवावं.

शहर पुन्हा बंद झालं. मधे जरा उघडल्यासारखं केलं, रुग्णांचे आकडे चढले, की परत शटर खाली. लोक वैतागलेत, बाय. नाक्यावरचा पानवाला हवालदाराला म्हणाला, साहेब, सगळं बंद करा, पण आधी पोटाला एक शटर बसवून द्या. दुसऱ्या एकाला अडवलं तर दवा आणायला चाललोय म्हणाला. चिठ्ठी बघितली तर बायकोच्या बाळंतपणाची, आणि ते पोर आता शाळेत जातंय! हवालदारही हसला आणि त्याला सोडून दिलं. हसू येतं तोवर बरं आहे. परवा राशनच्या रांगेत हसू संपलं आणि दगड उचलले गेले.

लूम थांबल्यापासून आमच्या आळीत नको ते सगळं ऐकू येतं. कुणाची भांडणं, कुणाचा नमाज, कुणाच्या पातेल्यात उलथनं खरवडतंय. आणि भिंतीपलीकडून लतीफभाईचा खोकला. तोंडावर उशी धरून खोकल्यासारखा. लतीफभाई तुला ठाऊकच आहे, माझा जॉबर. लूम कुठलाही बिघडो, नीट करणार तोच. इतकी वर्षं भिंतीला भिंत लागून राहतोय, पण लूमच्या खडखडाटात त्याचा खोकला मला कधी ऐकू आला नव्हता.

तुझी रूपा झकास आहे. सकाळी पालिकेच्या आरोग्यसेविकेचा पांढरा कोट चढवते आणि बोटाला लावायचं ते चिमट्यासारखं यंत्र घेऊन दारोदार फिरते. अंगात प्राणवायू किती, ते त्यावर दिसतं. लोक दार लावून घेतात. कारण एक रुग्ण सापडला की गल्लीच्या तोंडाला पत्रे ठोकतात, मग आतल्या कुणाची मजुरी चालू राहायची? म्हणून आळीनं तिचं नाव पत्रेवाली ठेवलंय. शादाब नावाचा एक कारागीर तर ती दिसली की वरच्या मजल्यावरून ओरडतो, पत्रेवाली आयी रे, खिडकी बंद! ती मान वर करून त्याला सलाम ठोकते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच दारात. एवढा जाड कातडीचा धंदेवाला मी, पण मला हे जमलं नसतं.

माझ्या घरी ती सुखात आहे, काळजी नसावी. आशीर्वादाचा पुरवठा चालू ठेवणे.

तुझा,
अनंता

आई, मी बरी आहे. जेवले. – रूपा

⁂

वळ
२५ जून

चि. अनंतास,
चंद्राबायचे अ. उ. आ.

तुझं पत्र इस्त्री करून वाचलं. हसू नको. टीव्हीवर सांगतात, कोरोना उष्णतेनं मरतो. एका कोपऱ्यात जरा करपलं, तिथं तू काय लिवलंस ते देवाला ठाऊक. तुझ्या फुशारकीचाच भाग असंल.

गावाच्या वेशीवर आडवा बांबू टाकलाय. बाहेरचा आत न्हाय. त्याच्यामागं खुर्ची टाकून मीच बसते. मला ऐकू येत न्हाय, म्हणून गावानं मलाच निवडलंय. कुणी कितीबी विनवण्या केल्या तरी माझ्या कानापत्तर पोचत न्हायत! शेजारच्या राहीबाईचा पोरगा सागर अंजूरच्या गोदामातनं आला, त्याला पण वेशीबाहेरच्या शाळेच्या खोलीत चौदा दिवसांसाठी ठेवला. राहीबाई माझ्याशी बोलत न्हाय.

आता कामाचं. रूपाला रविवारी महादूच्या टेम्पोत बसव. शाळेच्या खोलीत चौदा दिवस राहील, मी बांबूच्या अलीकडनं तोंड तरी बघीन. तू लिवतोस हसून, पण मी दगड वाचला. ज्यांना ती नको, त्यांच्या दारात माझी एकुलती पोर कशाला मरायला पाठवू? तिचा बाप असता तर त्यानं कवाच आणली असती. तू पत्रं लिवतोस, ती पत्रे आणते, आणि मी हितं दोन्हीच्या धाकात. रविवार म्हंजे रविवार.

माया आहे म्हणून दम देते, हे समजून असावे.

चंद्राबाय

⁂

भिवंडी
२९ जून

ती. चंद्राबायस,
शि. सा. न. वि. वि.

रविवारी टेम्पो रिकामा आला म्हणून तू बांबू घेऊन माझ्या मागं लागशील, ते मला मान्य आहे. पण आधी झालं काय ते वाच, मग मार.

तुझं पत्र मी रूपाला दिलं. तिनं वाचलं, घडी घातली आणि म्हणाली, मामा, जाते मी रविवारी. पण लतीफचाचांचं बोट बघितल्याशिवाय नाही. तीनदा त्यांच्या दारी गेले, तीनदा पडद्याआडून ठणठणीत आहे म्हणाले. म्हणताना दोनदा थांबून श्वास घेतला.

खोकल्यापायी माझीही झोप उडालीच होती. मी भिंतीवर थाप मारून हाक दिली. लतीफभाई आतून म्हणाला, अनंता मेल्या, माझ्यापायी आळीला पत्रे लागले तर उद्या कुणाच्या तोंडाकडं बघू? मरायचं तर चुपचाप मरेन. त्याची बायको माजिदा, जिचा आवाज मी कधी चढलेला ऐकला नाही, तीही आतून म्हणाली, अनंताभाऊ, मी पाया पडून झाले, ऐकत नाहीत.

मग रूपानं मला विचारलं, मामा, लतीफचाचा कशानंही घराबाहेर येतील, अशी एखादी गोष्ट सांगा. मी म्हटलं, बिरयानी. ती हसली नाही. मग मीही नीट विचार केला आणि म्हटलं, बिघडलेला लूम. जेवणावरून उठेल, ईदच्या दिवशी उठेल, पण चुकीचा ठोका ऐकत बसणं त्याच्यानं होणार नाही. पोरगी म्हणाली, मग बिघडवा.

शनिवारी सकाळी शेड उघडली. एका लूमचा पट्टा ढिला केला आणि बटण दाबलं. दोन-चार फेरे नीट, मग सूत नेणारा धोटा अर्ध्यात अडकून धाडकन बंद. पुन्हा चालू, पुन्हा धाड. पाचव्या धाडीला पडदा हलला. लतीफभाई बनियनवर, हातात पाना, भिंत धरत धरत आला आणि मला म्हणाला, अरे गाढवा, लूम आहे की लग्नाचा बाजा? पट्टा बघ, पट्टा!

इथवर सगळं ठरल्याप्रमाणं. पण आमच्या दोघांच्या हुशार डोक्यात एक गोष्ट आलीच नव्हती. इतक्या दिवसांनी लूम वाजला की भिवंडीचा माणूस त्याचा एकच अर्थ लावतो. लॉकडाऊन उठला! अख्खी आळी धावत आली. कुणी तोंड धुताना, कुणी एक चप्पल घालून. शादाब तर डबा घेऊनच आला आणि म्हणाला, सेठ, मेरी कौन सी शिफ्ट?

उघडलं नाही हे कळलं तेव्हा, बाय, त्यांची तोंडं मला बघवली नाहीत. आनंद गेला आणि राग आला. मजाक समझा है क्या गरीब का, असं एक जण ओरडला. कुणीतरी रूपाचा पांढरा कोट बघितला आणि पुन्हा तेच सुरू झालं, पत्रेवाली, पत्रेवाली. मागून एक बॉबिन आलं, तिच्या पायाजवळ पडलं.

मी सरळ मागच्या दाराकडं बघत होतो, खोटं कशाला बोलू. रूपानं ते बॉबिन उचलून माझ्या हातात दिलं, बाकड्यावर चढली आणि म्हणाली, हो, मीच पत्रेवाली. राग करा, तुमचा राग खरा आहे. मलाही घरी जायचंय, माझी आईही बोलवतेय. पण तुम्ही इतके दिवस माझ्याकडं बोट दाखवताय, आज तेच बोट जरा या चिमट्यात द्या. मग दगड मारा. हे सगळं तिनं आधी मराठीत सांगितलं, मग तिच्या त्या मोडक्या हिंदीत. मोडकी हिंदी ऐकून दोघं हसले, आणि मला वाटतं तिथंच गाडी रुळावर आली.

तरी पुढं कुणी येईना. तेव्हा माजिदा आली. गर्दीतून वाट काढत, नवऱ्याच्या मनगटाला धरून. म्हणाली, पहिलं बोट हे. आळीला पत्रे लागले तर मला शिव्या द्या. पण माझा माणूस आळीची इज्जत राखायला मेला, तर ती इज्जत मी शिजवून खाऊ का?

लतीफभाईचं बोट चिमट्यात गेलं आणि रूपाचा चेहरा बदलला. अंगात इतका कमी प्राणवायू घेऊन हा माणूस उभा होता, आणि तशात माझ्या लूमचा पट्टा आवळत होता! तिनं लगेच ॲम्ब्युलन्स बोलावली. तो दारातच अडून बसला. एकदा गेलो की परत दिसणार नाही, म्हणाला. ती म्हणाली, मी शेजारी बसते, चला. आणि बसली.

ती गेल्यावर आळी आपणहून रांगेत उभी राहिली. दुसरी सेविका आली, तिनं बोटं तपासली. शेवटी शादाब, डबा धरूनच.

म्हणून टेम्पो रिकामा आला. रूपा अजून तिकडं कोविड केंद्रातच आहे, त्यामुळं खाली तिच्या दोन ओळी नाहीत. कांडी भरून मला वाढवणाऱ्या बाईची पोर ती, दुसरं काय करणार? अपराध पोटात घालावा, पोट मोठं आहेच.

तुझा,
अनंता

⁂

वळ
४ जुलै

चि. अनंतास अ. उ. आ.

लतीफला उतार पडला, हे महादूनं सांगितलं. माजिदाला माझा नमस्कार सांग. बाई असावी तर अशी.

तुझं त्यानंतरचं पत्र पण मिळालं. त्यात शहर हाय, पोलीस हाय, माझ्या इस्त्रीची टिंगल हाय. पोरीचं अक्षर न्हाय. महादूला विचारलं तर तो दुधाच्या मापात बघतो. मला ऐकू येत न्हाय रे, दिसतं सगळं. खरं लिव. हसवू नको.

बाय

⁂

भिवंडी
५ जुलै

ती. बाय,
साष्टांग नमस्कार.

तिला ताप आला. तपासणीत कोरोना निघाला. लतीफभाई ज्या केंद्रात आहे तिथंच आहे. तिनं सांगितलं होतं, आईला बरं झाल्यावरच कळवा. मी तिचं ऐकलं.

आता ताप उतरलाय. प्राणवायू चांगला आहे, एकदाही नळी लावावी लागली नाही. हे मी हसवायला लिहीत नाही. लतीफभाई खाटेवर बसून तिला लूमच्या गोष्टी सांगतो आणि ती झोपते, असं तो म्हणतो. माजिदा दोघांचा डबा पाठवते.

आळीला पत्रे लागले. ठोकायला माणसं आली तेव्हा शिडी कुणी धरली असेल? शादाबनं. लोकांचा राग गेलेला नाही, बाय, आणि तो जाऊ पण नये. राशन उशिरा येतं, नळाला पाणी नाही, त्याबद्दल पत्र्याआडून रोज आरडाओरड चालते, मीही सामील असतो. पण संध्याकाळी तोच शादाब वरून मला विचारतो, सेठ, अपनी पत्रेवाली कैसी है? नाव तेच, बाय. आता ते अदबीनं घेतात.

अनंता

खाली चिकटवलेला तुकडा तिचा आहे. केंद्रातून आलाय, तेव्हा इस्त्री करून घे.

आई, मी बरी आहे. जेवले. – रूपा

⁂

वळ
३० जुलै

चि. अनंतास,
चंद्राबायचे पोटभर आशीर्वाद.

तुकड्याला इस्त्री केली न्हाय. अक्षर करपलं असतं.

पोर आली. तू तिला सोडून माघारी वळलास, पुढचं सांगते. बरी झाल्याचा कागद तिच्या हातात होता, तरी बांबूच्या पलीकडंच थांबली. मी उठले, तर हातानंच बस म्हणून खूण केली, आणि लांबनंच मास्क खाली करून म्हणाली, सागरला एक नियम आणि तुझ्या पोरीला दुसरा, हे चालणार न्हाय. शाळेच्या खोलीत चौदा दिवस ऱ्हायली. राहीबाईनं ते बघितलं, आणि दुसऱ्या सकाळी बांबूपाशी माझ्या शेजारी खुर्ची टाकून बसली. बोलली न्हाय, पण तांदळाची भाकर आणली होती, दोघींपुरती.

मग पोरीनं तिथंच काम सुरू केलं. शाळेच्या अंगणात ती, दोरीच्या अलीकडं गाव. आपलं गाव पण काय कमी न्हाय, आधी कुणी हात पुढं करीना. मी केला. त्या चिमट्यात बोट घालून उभी ऱ्हायले, तर पोर माझ्याकडं बघून काहीतरी बोलली. मास्क होता, ओठ दिसले न्हाईत, ऐकू तर येतच न्हाय. पण डोळ्यांवरनं कळलं की मी बरी हाय.

चौदा दिवस भरून घरी आली, आणि काल म्हणाली, आई, ड्युटीवर जाते. तू लिवलंस की पत्रे निघाले, पण पलीकडच्या आळीत दारं अजून बंद हायेत. मी न्हाय म्हणायला तोंड उघडलं होतं. पण तो शादाब वरनं तुला विचारतो, ते आठवलं. माझी एकली असती तर ठेवून घेतली असती रे.

महिनाभर तो बांबू मी चौदा दिवस भरल्याबिगर कुणाला आत घ्यायला उचलला न्हाय. आज सकाळी बाहेर सोडायला उचलला. राहीबाईनं दुसरं टोक धरलं.

आता तुझं काम. दर दोन दिवसांनी तिचे कोट महादूबरोबर पाठवायचे. धुऊन, कडक इस्त्री करून परत पाठवीन. चुरगळलेल्या कोटात माझी पोर कुणाच्या दारात उभी ऱ्हायला नको. पत्रांना इस्त्री बंद.

लोभ आहेच. कोट विसरलास तर तोही कमी करीन.

चंद्राबाय