काचपेटीतली वळवळ

६ जानेवारी, सोमवार
पोचले बाई एकदाची! कल्याणहून मुरबाडपर्यंत एसटी, पुढे शहापूर रस्त्याला जीप. नवी नोकरी, नवी खोली, खिडकीतून कापणी झालेली खाचरं आणि मागे डोंगर. आईने दिलेले लाडू जीपमध्येच फस्त केले. आकडे काढायची कंपनी म्हटल्यावर आत्याने विचारलं होतं, मटका का गं? अगं, मटका कसला! बँकांचे निरोप कुलूपबंद करायला असे आकडे लागतात, जे कुणाच्या बापाला ओळखता येणार नाहीत. कॉम्प्युटर स्वतःच्या डोक्याने काढतो ते सूत्राचे असतात, हुशार चोराला सापडतात. म्हणून खरीखुरी बेशिस्त हालचाल शोधायची, तिचे फोटो काढायचे, फोटोंतून आकडे, आकड्यांतून किल्ल्या. हालचाल कशाची, ते रवींद्र सरांनी मुलाखतीत सांगितलंच नाही. उद्या कळेल.

७ जानेवारी, मंगळवार
शी! शी! शी! अळ्या!

जुनी पोल्ट्रीची शेड. मधोमध खाटेएवढी काचेची पेटी आणि तिच्यात हजारो पांढऱ्या, लठ्ठ अळ्या, मेलेल्या कोंबड्यांवर लोळतायत. वर कॅमेरा, बाजूला हीटर. वास असा की डबा उघडवला नाही. सर ठाण्यातून फोनवर मोठ्या कौतुकाने सांगत होते, एवढी बेशिस्त कुठल्या यंत्राला जमत नाही. मग ठेवा ना तुमच्या हॉलमध्ये! मालूताई नावाच्या डोळखांबच्या बाई रोज कोंबड्या टाकतात आणि थोड्या नव्या अळ्या सोडतात. माझं तोंड बघून त्या खो-खो हसल्या. म्हणाल्या, काय करत नाय गो बाय ती, खातात नि लोळतात, आमच्या घरच्या माणसासारखी. माझं काम स्क्रीनसमोर बसायचं. आकड्यांत कसलीही लय, कसलीही पुनरावृत्ती सापडली की लाल, नाहीतर हिरवं. दिवसभर हिरवंच होतं.

रात्री जेवण गेलं नाही. भाताकडे बघवेना.

९ जानेवारी, गुरुवार
पेटीची काच पुसताना कडेला बोट कापलं. रक्त आत ठिबकलं आणि सगळ्या अळ्या तिकडे वळल्या. सगळ्या, एकदम. बघता बघता डाग साफ. मी बाहेर जाऊन भडाभडा ओकले. मालूताईंनी बोटाला हळद दाबून बांधली, पाठ चोळली. चांगली बाई आहे. बोट कितीही धुतलं तरी बुळबुळीत लागतंय.

१० जानेवारी, शुक्रवार
लाल. सकाळपासून लाल.

पेटीत वाकून बघितलं, तर सगळ्या मिळून फुगतायत आणि आक्रसतायत. धप-धप. मग जरा थांबून पुन्हा धप-धप. दुपारी कुत्रं मागे लागलं म्हणून धावत शेडमध्ये शिरले, तर त्याही धापा टाकत होत्या. मनगटावर बोटं ठेवली. ठोका तोच. माझी नाडी त्या मेल्या अळ्या चालवून दाखवतायत! सरांना फक्त लाल झाल्याचं सांगितलं. म्हणाले, सुधारलं नाही तर पेटी उकळत्या पाण्याने धुऊन नवा माल भरू. धुवा म्हटलं, आत्ता धुवा.

१३ जानेवारी, सोमवार
सकाळी लाइट गेली, हीटर बंद. कडाक्याची थंडी. पेटीतल्या अळ्या गारठून मंद झाल्या आणि माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली. नखं निळी पडली. मालूताईंनी मला उचलून बसवलं. नाडी घावतच नाय गो, म्हणत रडायला लागल्या. लाइट आली. अळ्या हलल्या. मग मी हलले.

म्हणजे उलटं आहे. त्या माझ्यावर चालत नाहीत. मी त्यांच्यावर चालते.

सरांना फोन करून अक्षरशः हात जोडले, पेटी धुवू नका. ते हसले, लळा लागला वाटतं म्हणाले. आठवडाभर थांबतो म्हणाले.

१४ जानेवारी
संक्रांत. मालूताई घरी. आज कोंबड्या मीच टाकल्या. पिसं, आतडी, तो वास. मरा मेल्यांनो, म्हणाले आणि जीभ चावली. नका मरू. खा. हवं तेवढं खा.

त्यांनी तोंड लावलं नाही.

१५ जानेवारी
सगळ्या कोरड्या कोपऱ्यात चढल्या. एकीवर एक. कडक होतायत, तपकिरी. छातीत मध्येच ठोका चुकतो —

मालूताईंना फोन लावला. म्हणाल्या, कोष धरायला बसल्या असतील, आता माश्या व्हईस्तोवर हलायच्या नाय. रोज थोड्या थोड्या बसतात, आज सगळ्याच कशा बसल्या गो? जीप घावली की येते, म्हणाल्या.

माश्या होईपर्यंत हलायच्या नाहीत. म्हणजे माझं —

दुपार
हलणाऱ्या मूठभरच उरल्या. हीटर पूर्ण वाढवला. काही नाही. पाय गार. ओठ बधिर.

आणखी कमी.

हात घातला. उघडा, कोपरापर्यंत. ईऽऽ आई गं — कोष फुटतात, आतलं पांढरं चिकट बोटांना — पण ढवळलं की ठोका पडतो. थांबले की नाही. ढवळलं की पडतो.

ढवळतेय. दुसऱ्या हाताने लिहितेय. स्क्रीन हिरवी झाली. सरांचा मेसेज आला, शाब्बास. ओकारी येतेय पण हात — हात थांबवायचा नाही.

खांदा भरून आलाय —

जीप थांबली. मालूताई. दारातूनच ओरडतायत, काढ गो तो हात, घाणीत काय घातलास, काढ. तोंडून शब्द फुटत नाही. धावत येतायत. नको ताई. धरू नका. माझा हात ओढू न