कार्डावरचा ज

रवि. ४ जाने.
शेजारच्या कुसुमनं ओढून नेलं. कॉलेजच्या हॉलमध्ये जुने रशियन सिनेमे आहेत, या महिन्यातले सगळे रविवार, फुकट. मी नको म्हटलं तर म्हणते, "चाल वं, घरी कोणती भाकर करपून राह्यली तुही?" रिटायर बाईला काय काय ऐकावं लागतं. आधी एका प्राध्यापकानं पाऊण तास भाषण केलं. अर्धा हॉल पेंगला. मग एकदाचे दिवे गेले.

होडी चालवणारी पोरगी. तिचा तो पलटणीबरोबर नदीपार जातो. लढाई. गाव जळतं, त्याची पत्रं जळक्या घराच्या पत्त्यावर येत राहतात. ती तीन वर्षं थांबते, मग लंगड्या मास्तराशी लग्न करते. लढाई संपल्यावर तो येतो. पलीकडच्या काठावर उभा. हाक मारायला तोंड उघडतो आणि तिच्या कडेवरचं मूल दिसतं. हाक मारत नाही. ती दोर गुंडाळतेय, वर बघतसुद्धा नाही.

मागून एक बाई ओरडली, "अरे हाक मार ना मुडद्या!" कोणी हसलं नाही. बाहेर चपला घालताना तीच बाई म्हणाली, "तिलेच थांबता नाई आलं. तीन वर्सं काय लई झाले?" माझी एक चपलच सापडेना. समोरच होती.

सोम. ५ जाने.
डोळे सुजलेत. दूधवाल्यानं विचारलं, सर्दी का मॅडम. हो म्हटलं.
आपल्या सिनेमात रडले की बरं वाटतं. हे तसं नाही. त्यात कोणी वाईटच नाही हो. मास्तरही बिचारा चांगला. शिव्या कोणाला द्यायच्या?

वसंताची आठवण. चाळीस वर्षांत एकाही वहीत नाव लिहिलं नव्हतं, आज लिहिते. हे जाऊन सहा वर्षं झाली, आता कोणापासून लपवायचं. आणि हे तरी काय, भला माणूस होता.

वसंता आष्टीचा. सहा वर्षं रशियात शिकायला, स्कॉलरशिपवर. मी नवी नवी मास्तरीण, वर्ध्यातच. पत्रं शाळेच्या पत्त्यावर, कारण बाबांच्या किराणा दुकानात गिऱ्हाइकाची जात आधी विचारायचे, मग साखर जोखायचे. त्याचं पहिलं पत्र, "तुही आठवन येते." मी लाल शाईनं दुरुस्त करून परत पाठवलं. तुझी आठवण येते. बोलतोस तसं लिहू नकोस, शुद्ध लिही. अंगात आलेलं नुसतं! पुढची सगळी पत्रं त्यानं पुस्तकासारखी लिहिली. एकात होतं, इथे बाया असले सिनेमे बघून मोठ्यानं रडतात, कोणी लाजत नाही.

मग परत आला. दिल्लीहून एक कार्ड. बारा तारखेला येतो म्हणून. मी नवी साडी नेसून घरात बसले. बारा, तेरा, चौदा. आलाच नाही. पंधरा दिवसांनी बाबांनी आणलेल्या स्थळाला हो म्हटलं, रागानं. तो फसवा निघाला, असंच धरून चालले.

बुध. ७ जाने.
कुसुम चहाला. तोंड का उतरलंय म्हणून खोदून खोदून विचारलं. सांगितलं सगळं. कपाटातून कार्डही काढलं. मी ते कधीच वाचत नाही, पाठ आहे. तिनं चष्मा लावून मोठ्यानं वाचलं:
"गाडी दुपारची. बारा तारखेस नागपूर स्टेशनवर येजो. बाकी भेटीत."
मी म्हटलं, येतो.
"येतो नाई वं. येजो. हा ज हाये, पाह्य ना."
"त आहे तो. तो शुद्ध लिहायचा."
"घाईत लिवलं असन त बोलल्यासारखं लिवलं. येजो लिवलं माय त्यानं. तुले बलावलं."

चहावर साय आली. दोघींनीही नाही घेतला.

गुरु. ८ जाने.
भिंग लावून पाहिलं. उन्हात पाहिलं. ज आहे. खालचा बाक अर्धाच ओढलाय, पण आहे.
एकतीस वर्षं पोरांच्या वह्या तपासल्या. ज चा बाक नीट काढला नाही म्हणून किती जणांचे कान पिरगाळले. आणि स्वतःला आलेलं एक कार्ड वाचता आलं नाही. अक्कल गहाण ठेवली होती का बाई तू?
मी येतो वाचलं, नागपूरला उतरून मग वर्ध्याला येईल असं धरलं, म्हणून घरी बसले. तो म्हणाला होता, ये. दुपारची गाडी आली असेल. तो उतरला असेल, ट्रंक घेऊन. किती वेळ थांबला असेल कोण जाणे.
त्याला वाटलं असेल, मी नाही म्हटलं.

रवि. ११ जाने.
कुसुम म्हणाली, नको जाऊ. गेले. आजच्या सिनेमात टेलिफोनवाली पोरगी होती. तो खंदकातून बोलतो, ही तारा जोडते. दोघांनी एकमेकांना पाहिलेलंच नाही. एक दिवस त्याच्या बाजूनं नुसती खरखर. तरी ती हॅलो हॅलो करत राहते. मी पदर तोंडात कोंबून रडले.
त्यांच्यामध्ये निदान लढाई होती. माणूस लढाईला शिव्या देऊ शकतो. मी कोणाले देऊ?
(कोणाले. लिहून गेले. राहू दे. आता लाल शाई नको.)

शुक्र. १६ जाने.
कुसुमची नणंद आष्टीले दिली आहे. तिच्याकडून कळलं. वसंता आहे. नोकरीत कुठं कुठं फिरला, रिटायर होऊन गावी आला, संत्र्याची बाग पाहतो. बायको आहे. पोरं बाहेर.
कुसुम म्हणते, "आता सांगून काय करतं? मेल्या माणसाले दवाई."
तो मेला नाई ना पण. चाळीस वर्षं तो हेच धरून बसला असन का मी आली नाई. एवढं तरी त्याले कळलं पाहिजे. बाकी मले काही नको. खरंच नको.

गुरु. २२ जाने.
आष्टीले गेलती. आर्वीवरून एसटी, बाजाराची गर्दी, एका बाईची कोंबडी माझ्या पायाशी. तीनदा वाटलं उतरून जावं.

त्यानं ओळखलं. दारातच. "अरे, मास्तरीणबाई!" केस सगळे पांढरे, आवाज तोच. बायको गोड आहे, सुमन. त्यानं जुन्या ओळखीच्या म्हणून सांगितलं, तर तिनं संत्र्यांची टोपलीच समोर ठेवली. ती आपली बोलून राह्यली, आमचे हे असे, आमचे हे तसे. "बाई, आमच्या ह्यायची एक तऱ्हा. नागपूरच्या टेसनावर पाय नाई ठेवत. कितीक फेरा पडो, बसनंच जातीन. काऊन म्हनलं त सांगत नाईत." आणि हसली. तो संत्रं सोलत होता. सोलतच राह्यला.

मी कार्ड काढलं. म्हटलं, सामानात सापडलं, तुम्हाले दाखवावं म्हटलं. मले याच्यातलं एक अक्षर लागत नाई. त्याचा चष्मा आत होता. सुमननं कार्ड घेतलं अन् वाचलं, "बारा तारखेस नागपूर स्टेशनवर येतो." तिलेही तसंच दिसलं.
म्हटलं, "येतो आहे का येजो?"
त्यानं कार्ड हातात घेतलं. चष्म्याशिवाय. लई वेळ.
"येतोच हाये ते," म्हणाला. "मीच येतो म्हनलं अन् आलो नाई. चूक माही हाये. तुमची काई नाई."
सुमन म्हणाली, "पाहा, पहिलेपासूनच असे!"

मले म्हणायचं होतं, खोटं नको बोलू वसंता. मले म्हणायचं होतं, मी आली असती. बारालेच काय, अकराले येऊन बसली असती. म्हटलं काय? संत्री गोड आहेत.

बसपर्यंत दोघंही आले सोडायले. सुमननं पिशवी भरून दिली. बस हलली तेव्हा ध्यानात आलं. कार्ड त्यानं वापस दिलं नाई. बोलता बोलता सदऱ्याच्या खिशात ठेवलं होतं. खरं म्हणजे मी पाह्यलं होतं, तरी मागितलं नाई.

रवि. २५ जाने.
आज सिनेमाले नाई गेली. कुसुम जाऊन आली, सांगत होती, आज दोघं भेटले शेवटी, हॉलमध्ये टाळ्या. मंग म्हणे, "कार्ड मागून घे वं. तुहं हाये ते. का त्यानं फाडलं असन?"
नाई फाडणार. का फाडलं असन? बायको रोज सदरे धुते, खिसे पाह्यते.
फोन करावा म्हणते. कुसुमच्या नणंदेकडून नंबर आला. उचललाच त्यानं, तर पहिले काय बोलू, तेच सुचून नाई राह्यलं.