आईने गुंडाळलेली तार

प्रिय आई,

तुला पत्र लिहायची वेळ माझ्यावर कधी आलीच नव्हती. दुर्गहून भिलाईला बसने कितीसा वेळ लागतो? काय सांगायचं ते मी दारात चपला काढता काढताच सांगून मोकळी व्हायचे, आणि तू म्हणायचीस, "पयले पानी तं पे." आज मात्र लिहायला बसले आहे. समोर पाटावर गिटारची कॉइल आहे, हातात ब्लेड आहे, आणि केव्हापासून माझा हात पुढे जात नाहीये.

गिटार मुकी झाली गं, आई!

उद्या संध्याकाळी मंडळाच्या गणपतीत मला वाजवायचं आहे. तुझं वर्षश्राद्ध झालं तेव्हा बाबाच म्हणाले, "आता वाजव. किती दिवस पेटीत ठेवशीन तिले?" म्हणून मंडळाला हो म्हणून बसले. परवा इथे भिलाईत, हुडकोतल्या बाबांच्या घरी आले, पेटी उघडली, गिटार पुसली, नव्या तारा चढवल्या, वायर जोडली. नुसती घूं घूं! सूर एकही नाही. वर्षभर तिला हात लावला नाही म्हणून रुसली की काय, असंसुद्धा माझ्या मनात येऊन गेलं.

काल पॉवर हाउसच्या बाजारातल्या रेडिओवाल्याकडे नेली. त्याने मीटरची टोकं लावली, काटा जागचा हलला नाही. "बहनजी, कॉइल अंदर से टूटी है. पुराना तार फेंक के नया भर देता हूँ, शाम को ले जाना."

पुराना तार म्हणे! मी गिटार उचलली आणि बस धरली.

त्याला काय माहीत ती तार कोणी गुंडाळली ते? सेक्टरमधल्या कारखान्याच्या क्वार्टरमध्ये राहत होतो तेव्हाची गोष्ट. मी पॉलिटेक्निकला होते. क्लबात ऑर्केस्ट्रा आला होता, त्यात एकाकडे इलेक्ट्रिक गिटार होती, आणि मी दोन दिवस जेवणावरसुद्धा तेच बोलत होते. बाबा म्हणाले, "विकत आनाचं कायले? घरीच बनवू. यंत्रच हाय ना ते?" भिलाईतल्या माणसाचं हे असंच. कोणतीही वस्तू दिसली की त्याला ती घ्यावीशी वाटत नाही, बनवावीशी वाटते.

अंगासाठी लाकूड हवं होतं. घरात जाड सागवान एकच, तुझ्या पलंगाची उशाकडची फळी. "माह्या मायनं देल्ला पलंग हाय तो! त्याले करवत लावता?" म्हणून तू केवढी ओरडलीस! आणि दुसऱ्या दिवशी बाबा करवत घेऊन बसले तेव्हा फळी हलू नये म्हणून तिच्यावर जाऊन कोण बसलं? तूच ना?

गिटारची मान दुर्गच्या जुन्या बाजारात मोडक्या गिटारची मिळाली. तारा ज्यावर टेकतात ती पट्टी बाबांनी एवढ्या जाड लोखंडाची केली, जणू तिच्यावरून मालगाडी जाणार होती. गिटार खांद्याला लावली की सिलेंडर उचलल्यासारखं वाटायचं. माझा खांदा अजून एका बाजूने उतरलेला आहे, शिंपिणीला ब्लाउज शिवताना दर वेळी सांगावं लागतं.

पण खरी अडचण कॉइलची, तारांचा सूर पकडून वायरीत सोडते तिची. तारांखालचे स्क्रू झाले, त्यांच्या खाली जुन्या स्पीकरचं चुंबक बसलं, साबणदाणीच्या झाकणातून रीळ कापलं. त्यावर केसाएवढी तांब्याची तार गुंडाळायची होती, हजारो वेढे, आणि मधे तुटू द्यायची नाही. बाबांच्या बोटांत ती टिकेना. त्यांना दोरखंड धरायची सवय. मी शिलाई मशीनवर गुंडाळून पाहिली, तर पायडल मारलं की तुटली. आम्ही दोघं एकमेकांवर चिडलो होतो आणि तू पलीकडे लाखवातीच्या वाती वळत होतीस. चातुर्मास चालू होता. तू नुसती मान वर केलीस. "दे इकडं. हे तं वातीवानीच हाय."

मग रोज दुपारी तेच. बाबा कारखान्यात बी शिफ्टला, मी कॉलेजात, आणि तू खिडकीशी बसून, बोटांत कापसाचा बोळा धरून त्यातून तार सोडायचीस. शंभर वेढे झाले की वाटीत एक चणा टाकायचीस, वाती मोजताना टाकायचीस तसाच. मी काही विचारलं तर म्हणायचीस, "बोलू नोको. तार नाराज होते." तुला गिटार म्हणजे काय हे धड माहीत नव्हतं. कॉइलला तू शेवटपर्यंत बोबिनच म्हणालीस.

गुंडाळून झाल्यावर बाहेरच्या टोकाला जाड वायर जोडायचं काम बाबांनी मागून घेतलं. कारखान्यातून आलेला माणूस तो. केवढी मोठी सोल्डरिंगची इस्त्री, वर बादल्यांना डाग देतात तसलं तेजाब, आणि तारेवर हा एवढा चमकदार गोळा! "हा माहा जोड हाय. याले क्रेन लटकवली तरी सुटाचा नाही," असं पुढे किती वर्षं आल्यागेल्याला ऐकवलं त्यांनी!

पहिल्यांदा गिटार आपल्या रेडिओच्या मागच्या भोकात जोडली तो दिवस आठवतो? तू सगळ्यांना चपला घालायला लावल्या होत्यास. घरात, देवाच्या खोलीत! "देव माफ करन. पोट्टीले करंट लागला तं मी कोणाले इचारू?" स्वतः लाकडी पाटावर उभी राहिलीस, हातात लाटणं, म्हणजे मला करंट लागलाच तर वायर उडवायला. आणि मी तार छेडली, रेडिओतून सूर आला, तेव्हा तुझा चेहरा! तू हसली नाहीस. "टिकन ना पण हे?" एवढंच विचारलंस.

आज तोच प्रश्न माझ्या मानगुटीवर बसला आहे. मी तुझीच मुलगी, मन चिंती ते वैरी न चिंती. ब्लेड लावलं आणि तार भराभर सुटून तिचा गुंता झाला तर? माझी बोटं तुझ्यासारखी नाहीत. उद्या मांडवात मुकी गिटार घेऊन उभी राहू? की नको म्हणून कळवू? आणि रेडिओवाल्याकडे दिली तर वाजेल, पण तुझं काय उरेल तिच्यात?

बघ ना, तुझ्या साड्या वाटल्या. तुझ्या हातचं लोणचं संपलं, शेवटची फोड बाबांनी खाल्ली आणि बरणी धुवू दिली नाही. तू विणलेला स्वेटर कसरीने खाल्ला. तुझ्या बोटांनी केलेलं घरात आता एवढंच आहे, काडेपेटीपेक्षा थोडं मोठं. सकाळी बाबांना दाखवलं तर म्हणाले, "केसावानी तार ते. तुह्या मायनं बसल्या बसल्या गुंडाळली. कधी ना कधी तं जानारच होती." मला असा राग आला! पण त्यांचंही खरं असेल तर, ही भीती होतीच.

आई, इथवर लिहून उठले होते. आता परत बसते आहे. माझं अक्षर बघ कसं आलंय.

बाबा जेवून आत लवंडले होते. खिडकीतून ऊन थेट पाटावर आलं, म्हटलं उजेड आहे तोवर करून टाकू. वरचा सुती दोरा सोडवला. बाबांच्या गोळ्याच्या अलीकडे तार कापली आणि तुझ्यासारखाच कापूस बोटांत धरून एकेक वेढा रिकाम्या रिळावर घेत गेले. श्वास रोखून. थोडी तार सुटली असेल नसेल, आणि बोटाला काहीतरी लागलं. खसखशीच्या दाण्याएवढं.

तुझं पोथीचं भिंग आणलं. आई, तिथे तार तुटलेली होती! दोन्ही टोकांचं वार्निश खरवडलेलं, टोकं एकमेकांत पिळलेली, आणि वर कापसाचा एक तंतू वळून बसवलेला, वातीचं टोक वळतात तसा. या घरात हे दुसऱ्या कोणाच्या बोटांनी होणार?

तुझ्या हातून तार तुटली होती आणि तू कोणालाच सांगितलं नाहीस? मला मग एक दुपार आठवली. मी कॉलेजातून लवकर आले होते आणि तू दाराकडे पाठ करून बसली होतीस. वळूनही पाहिलं नाहीस. "इकडं येऊ नोको. जाय, चाय मांड." मी पातेलं आपटत चहा केला होता. आणि माझा कार्यक्रम असला की तू पुढच्या खुर्चीवर कधी बसायची नाहीस. मांडवाच्या मागच्या खांबाला धरून उभी, ओठ आवळून. आम्ही म्हणायचो, आईला करंटची भीती. घरी येताना तुझा पहिला प्रश्न, "मधात बंद तं नाही ना पडली?" कशी वाजवली, लोक काय म्हणाले, हे कधीच नाही. मला वाईट वाटायचं गं. एकदा तर मी तोडूनच बोलले होते.

इतकी वर्षं तू ही एवढीशी गाठ मनात घेऊन उभी होतीस! मला सांगितलं असतंस तर मी काय खाल्लं असतं तुला?

पण भिंगातून पाहताना मला रागापेक्षा धसका जास्त होता. म्हटलं, गेली ती हीच जागा. बाबांचं खरं झालं. बाबांच्या जुन्या मीटरचं एक टोक तारेच्या आतल्या टोकाला लावलं, दुसरं आत्ता कापलेल्या टोकाला. मधे तुझी सगळी तार आणि तुझा पीळ. दोनदा टोक निसटलं. तिसऱ्यांदा काटा हलला.

हलला म्हणजे चांगला पलीकडे जाऊन थांबला! मी टोकं काढली, परत लावली. परत तेच. तुझी तार कुठेच तुटलेली नाही, आई. तुझ्या पिळातून करंट आत्ताही जातो.

मग मी बाबांचा गोळा उचलला. वरून अजून चकचकीत. नखाने दाबला तर सुटून हातात आला, आणि आतून हिरवी भुकटी.

मी बहुतेक ओरडले असणार, कारण बाबा उठून आले. गोळा हातात घेऊन खिडकीशी गेले.

"हिरवं काऊन झालं हे?"

"तेजाब, बाबा. आत राहिलं असेल थोडं. त्यानेच हळूहळू केसाएवढी तार खाल्ली."

"धुतलं नाही मी," ते म्हणाले. मग गोळा उलटून पाहत, "म्हंजे तिची तार नाही गेली?"

मी भिंग दिलं आणि तुझा पीळ दाखवला. बाबा वाकले ते वाकलेलेच राहिले. मला वाटलं दिसत नसेल. मग तसेच वाकून म्हणाले, "तिनं इचारलं होतं मले एकडाव. तार मधात तुटली अन् बाईमानसानं नुसती पिळून देल्ली तं चालते का म्हनून. मले वाटलं सहज इचारून राहिली. मी हासलो. म्हटलं, बिना सोल्डरचा जोड महिनाभर टिकत नाही."

त्यानंतर तू किती महिने मोजलेस, आई?

बाबा पाटाजवळ खालीच बसले. गुडघे दुखतात तरी बसले. माझ्या पुढ्यातला कागद त्यांनी पाहिला. "तिलेच लिहून राहिली ना?" मी हो म्हटलं. "मंग लिव. जोड माहा गेला म्हनाव. तिचा नाही."

तेच लिहिते आहे. वाच नीट. जोड बाबांचा गेला, तुझा नाही.

आता ते आत डबे उघडून माझी छोटी इस्त्री शोधताहेत. नवा जोड आपणच मारणार म्हणतात, उद्या सकाळी, पूजा झाल्यावर. या वेळी तेजाब नाही, राळ. पण त्यांचे हात आता चहाची बशीही सांडतात गं! तार जळली तर? कॉइलवर थेंब पडला तर? संध्याकाळी कार्यक्रम, आणि मला आत्तापासून घाम फुटला आहे.

तरी तुला शब्द देते. उद्या मी त्यांच्या शेजारी बसेन आणि "द्या बाबा, मी करते" असं म्हणणार नाही. जोड वेडावाकडा आला तरी तोच ठेवीन. आणि तुझा पीळ आहे तिथेच परत गुंडाळते आहे, त्या कापसासकट. त्याला सोल्डर लावायला मी कोणालाही हात घालू देणार नाही, बाबांनासुद्धा. तू आता बस, आई. पुढच्या खुर्चीवर बस.

तुझी,
शोभा