शकू केरू, इयत्ता पहिली, आडनाव निरंक

नाशिक
दि. १२ फेब्रुवारी २००४

चि. दिनेश यास मामाचा सप्रेम जय भीम.

तू हिंजवडीला वेळेवर जेवत असशील आणि आक्काचा दमा या थंडीत फार छळत नसेल, असं धरून चालतो. इकडे आम्ही दोघं ठीक. मामीचा गुडघा तुझी वरचेवर आठवण काढतो (तू आणलेलं मलम संपलं, असा त्याचा अर्थ). माझं म्हणशील तर एकतीस मेला निवृत्त होतोय. आमच्या पिढीतल्या निम्म्या लोकांसारखा माझाही जन्म गुरुजींनी शाळेत नाव घालताना एक जूनला घडवून आणला, त्यामुळे यंदा शाळेतून माझ्यासकट दोघं एकाच दिवशी बाहेर पडणार आणि संस्थेने दोन शाली एकदमच आणून कपाटात ठेवल्यात. एकतीस वर्षांत माझ्या सेवापुस्तकात ठपक्याची, लाल शाईची एकही ओळ पडलेली नाही, हे तुला मी पूर्वी सांगितलंच आहे (आक्का म्हणते, दर दिवाळीला सांगतो).

तुझी ई-मेल पंचवटी कारंज्यावरच्या सायबर कॅफेतून छापून आणली. कंप्युटरला नावं विचारत बसू नका मामा, आधी इंडेक्सलाच विचारा की तू कसा आहेस आणि तुला काय काय येतं, असं तू लिहिलंस आणि खाली प्रश्नांची यादी दिलीस. मी मनात म्हटलं, भाचा मला कंप्युटरकडे स्थळ बघायला पाठवतोय. पण सगळं विचारलं, एकही प्रश्न गाळला नाही. उत्तरं कळवण्याआधी प्रकरण पहिल्यापासून सांगतो, कारण फोनवर मी निम्मंच सांगितलं होतं (एसटीडीच्या बूथवर मागे चार माणसं ताटकळत असली की मी खरं बोलतो, पण थोडं बोलतो).

आमच्या शकुबाई तुला आठवत असतील. तू कंप्युटर बसवायला आलास तेव्हा टेबलाखाली वाकून तारांवरची जळमटं काढणाऱ्या, त्याच. त्या पेठकडच्या डोंगरातल्या. लहानपणी याच शाळेच्या वसतिगृहात राहून तिसरीपर्यंत शिकल्या आणि एकाहत्तर साली इथेच शिपाई म्हणून लागल्या. त्यांच्या सेवापुस्तकात जन्मतारखेपुढे कोणीतरी पेन्सिलीने ‘अंदाजे’ एवढंच लिहून ठेवलं होतं. साठी जवळ आली असावी असं वाटून आमच्या मुख्याध्यापिका वत्सलाबाईंनी मला सांगितलं, शाळेच्याच नोंदीवरून तारीख काढा. मी बटण दाबलं, दाखला छापला. शकू केरू, शाळेत प्रवेश जून पन्नास, जन्म एक जून चव्वेचाळीस. मेअखेर साठ पूर्ण. दुसरी शाल त्यांची.

शकुबाईंनी तो कागद बराच वेळ वाचला आणि म्हणाल्या की, मी आले ते वसतिगृहाची विहीर खणली त्या वर्षी. विहिरीच्या दगडावर एकोणीसशे त्रेपन्न कोरलेलं आहे, हे मलाही माहीत आहे, रोज तिथे हात धुतो. तरी मी त्यांना समजावलं की दगड कोरणारा माणूस चुकू शकतो, कंप्युटर चुकत नाही (हे वाक्य मी बोललो आहे. खोडत नाही). त्यांची नात स्नेहा नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला आहे आणि पोरीला आजीशिवाय कोणी नाही. आजीची तीन वर्षं गेली तर नातीचं शिक्षण मध्येच राहतं, एवढा साधा हिशेब. शकुबाई भांडल्या नाहीत. फक्त दुसऱ्या दिवसापासून माझ्या टेबलावर चहा ठेवताना माझ्याकडे बघेनाशा झाल्या. दिनेश, एकतीस वर्षं ती बाई मला भाऊसाहेब म्हणते, आणि त्या चहाला मला चव लागेना. म्हणून तुला फोन केला होता.

आता नोंदींचं. तीन वर्षांपूर्वी तू प्रोग्राम करून दिलास आणि शाळेची चौदा जनरल रजिस्टरं मी दोन बोटांनी कंप्युटरात चढवली. अकरा हजारांवर मुली, दोन वर्षं लागली. इंडेक्स म्हणजे पुस्तकाच्या शेवटी नावांची यादी असते तसं, नाव बघायचं आणि नेमक्या पानावर जायचं, असं तू मला समजावलं होतंस आणि ते मला एका दमात कळलं होतं. जे कळलं नाही ते मी विचारलं नाही. पेठ-सुरगाण्याकडच्या जुन्या मुलींना रजिस्टरात आडनावच नाही. पोरीचं नाव, बापाचं नाव, संपलं, पुढचा रकाना कोरा. आता कारकुनी हाडाच्या माणसाला कोरा रकाना बघवत नाही. जिथे काही नाही तिथे ‘निरंक’ लिहायचं, हे मला पहिल्याच साहेबांनी शिकवलं. मी इमानाने चारशे बारा मुलींच्या आडनावात निरंक टाईप केलं. गेल्या वर्षी माजी विद्यार्थिनींच्या मेळाव्याची आमंत्रणं कंप्युटरने छापली तेव्हा वत्सलाबाई कौतुकाने म्हणाल्या की, या निरंक घराण्याने आपल्या शाळेला सर्वात जास्त मुली दिल्या, त्यांच्यातल्या एखाद्या ज्येष्ठ बाईंचा सत्कार करू या. मी मान डोलावली. काय करणार होतो.

तर तुझे प्रश्न. पहिला, इंडेक्स कोणत्या रकान्यांवर आहे. उत्तर आलं: आडनाव, नाव, वडिलांचं नाव. बरं. दुसरा, क्रम चढता की उतरता, आणि उलटीकडून वाचता येतं का. चढता आहे म्हणाला, आणि शेवटाकडून सुरुवातीकडेही येता येतं म्हणाला. (या वयात मला जिना उतरताना कठडा लागतो, त्यामुळे मला त्याचं कौतुक वाटलं.) तिसरा, रिकाम्या जागा सांभाळतोस का, म्हणजे रकाना कोरा असलेली नोंद तपासात धरतोस का. नाही म्हणाला. इथे मी खूश झालो, कारण मी एकही जागा रिकामी ठेवलीच नव्हती. त्या भरात मी जन्मतारखेवरच्या दुसऱ्या इंडेक्सलाही बोलतं केलं. तो बिचारा कामाचाच नाही. एक जून म्हटलं की अर्धी शाळा उठून उभी राहते. चौथा प्रश्न तू विचारला होतास की, पहिला इंडेक्स एकमेव आहे का, म्हणजे तीच नोंद दुसऱ्यांदा आली तर आत घेतो की दारातूनच परत पाठवतो. उत्तर आलं, एकमेव आहे, परत पाठवतो.

ते उत्तर मी दोनदा वाचलं. कारण ते मीच तुला करायला सांगितलं होतं. तू म्हणत होतास, मामा, गाव पण त्यात घालू या, सारख्या नावाच्या दोघी निघाल्या तर. आणि मी म्हणालो होतो की, दुपारच्या जेवणानंतर माझी डुलकी लागते, एकच मुलगी मी दोनदा टाईप करीन, तेव्हा एक नाव दोनदा घेऊच नको असं मशीनला बजावून ठेव. तू बजावलंस. पुढे दोन वर्षांत कधीमधी पडद्यावर यायचं, ‘ही नोंद आधीच आहे’. मला फार बरं वाटायचं. मशीनने आपली डुलकी पकडली, एक दुबार नोंद टळली. मी रजिस्टरात त्या नावापुढे हिरव्या पेन्सिलीने बरोबरची खूण करायचो आणि चहाला उठायचो.

काल तिसऱ्या आणि चौथ्या रजिस्टरांचं फडकं सोडलं. तिसऱ्यात, सन पन्नास, शकू केरू, सुरगाण्याकडची, जन्म चव्वेचाळीस. चौथ्यात, सन त्रेपन्न, शकू केरू, पेठकडची, जन्म एक जून सत्तेचाळीस. दुसरीच्या नावापुढे माझी हिरवी खूण, अगदी नीटस. मी निरंक लिहिलं नसतं तर तुझ्या इंडेक्सने कदाचित हटकलं नसतं, गाव घातलं असतं तर नक्कीच हटकलं नसतं, आणि मी रजिस्टरात एकदा मान वाकवून बघितलं असतं तर इंडेक्सची गरजच नव्हती. शकुबाईंचा दाखला म्हणून मी दुसऱ्याच बाईचं वय छापून त्यांच्या हातात दिलं होतं. चौदा रजिस्टरांत अशा सदतीस हिरव्या खुणा निघाल्या. सदतीस मुली दारातून परत गेल्या आणि मी चहा पीत होतो.

वत्सलाबाईंना रजिस्टर दाखवलं. त्या सरळ बाई आहेत, पण नियमाच्या पक्क्या. म्हणाल्या, टाईप करणाऱ्याची चूक असेल तर त्याने तसं लेखी द्यावं, मी मूळ रजिस्टर बघून त्याच दिवशी दुरुस्तीवर सही करते. मशीनची चूक असेल तर मात्र सगळ्याच नोंदी संशयाच्या होतात, मग संस्थेची समिती बसेल. कोणाची चूक ते तेवीस तारखेपर्यंत कळवा, एवढं सांगून त्यांनी मला जायला सांगितलं. शकुबाईंना मी अजून काही बोललो नाही.

असो. उत्तरं तुला मिळाली. आक्काला नमस्कार सांग. रात्री जागत जाऊ नकोस, आणि इस्त्रीचे कपडे घालत जा, आपल्या घरातला तू पहिला इंजिनिअर आहेस, एवढं लक्षात ठेव.

तुझा,
जयराम मामा

ता. क. एक राहिलंच. तुझ्या कंपनीच्या छापील कागदावर चार ओळी लिहून पाठवशील का, की सदर प्रोग्राममधील इंडेक्सने काही नोंदी आपणहून नाकारल्या. हे खोटं नाही, नाकारल्याच आहेत. कोणाच्या सांगण्यावरून, ते लिहायची गरज नाही. समिती काय, बसेल आणि उठेल, मेच्या आत उठेल असं मला वाटतं (वाटायला काय जातं). निवृत्तीला साडेतीन महिने राहिले असताना लाल शाई कोणाला हवी असते. खरं सांगायचं तर एवढं लांब पत्र मी याच चार ओळींसाठी लिहिलं. तेवीसच्या आत पाठव.

ता. क. दुसरा (सोमवार, १६ तारीख). वरचं पत्र टपालात पडलं नाही. तुझ्या मामीने ते वाचलं, घडी घालून पाकिटात परत ठेवलं, आणि तिकीट लावलं नाही. दोन दिवस पाकीट तिथेच टीव्हीवर, आणि आम्ही बातम्या बघतोय. शेवटी काल मीच म्हणालो की, समित्या मेच्या आत उठत नाहीत, मला ठाऊक आहे. ती म्हणाली, मग झालं तर.

कागद पाठवू नकोस. आज सकाळी मी लिहून दिलं की, चूक माझी, मशीनने फक्त ऐकलं. वत्सलाबाई त्याच दिवशी सही करते म्हणाल्या होत्या, त्यांनी ती त्याच तासाला केली. शकुबाई आता दोन हजार सातपर्यंत आहेत. माझ्या सेवापुस्तकात दीड ओळ लाल पडली. अक्षर वत्सलाबाईंचं आहे, चांगलं आहे.

मग पाण्याच्या टाकीपाशी जाऊन शकुबाईंना सगळं सांगितलं, हिरव्या पेन्सिलीसकट. मला वाटलं, बोलतील, रडतील. त्या झाडू भिंतीला टेकवून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “तीन आठवडं मला वाटत व्हतं भाऊसाहेब, का आपनच कोनी दुसरी हाय. विहीर-बिहीर सपनात बघितली आसंल.” दिनेश, त्यांना नोकरीची चिंता होती ती होतीच. पण मी त्या बाईला तिच्या स्वतःच्या लहानपणाबद्दल खोटं पाडलं होतं, हे मला तोपर्यंत कळलंच नव्हतं. मी माफी मागितली. त्यांनी मला पाणी दिलं.

ता. क. तिसरा, आणि हे खरं मागणं. ती सुरगाण्याकडची शकू केरू शकुबाईंना आठवते. वसतिगृहात तिला मोठी शकू म्हणायचे आणि यांना धाकटी. धाकटी पहिल्या आठवड्यात आईसाठी रडायची तेव्हा मोठी शकू तिला आपल्या पांघरुणात घ्यायची. पुढच्या वर्षी ती शाळा सोडून गेली, मग कधी दिसली नाही. आज शकुबाईंनी विचारलं की, ती अजून कंप्युटरात हाय का. आहे म्हटलं. तर म्हणाल्या, मला तिच्याशेजारी घाला. मी घालायला गेलो, पण तुझा इंडेक्स अजून आत घेत नाही. तेव्हा रविवारी ये आणि गाव घाल. बाकीच्या छत्तीस जणी सावकाश. आधी या दोघी, मोठी वर, धाकटी खाली.